खताच्या डब्यात अळ्या झाल्या? फेकायच्या आधी एकदा हे वाचा

पहिला पाऊस पडून गेला की आठ-दहा दिवसांत माझ्या फोनवर अळ्यांचे फोटो यायला लागतात. कधी सोसायटीतल्या कोणाचा, कधी मैत्रिणीच्या नणंदेचा, कधी आईच्या भजनी मंडळातल्या काकूंचा, आणि खाली लिहिलेलं जवळपास सारखंच, अगं खताच्या डब्यात अळ्या झाल्यात, मोठ्या मोठ्या, वळवळतायत, सगळं फेकून देऊ का? मी सात वर्षं गच्चीत ओल्या कचऱ्याचं खत करतेय म्हणून लोकांना वाटतं हिला विचारावं. आणि दहातल्या सात-आठ फोटोंना माझं उत्तर एकच असतं, फेकू नका, उलट तुमच्याकडे फुकटात कामाला माणसं आलीत असं समजा.

यावर्षी म्हटलं एकदाच नीट लिहून काढू, कारण या अळीची गोष्ट आपल्या डब्यापुरती नाहीये. हीच अळी वापरून आज केनियातल्या नैरोबीत, इंडोनेशियातल्या सुराबायात, आणि आपल्याकडे केरळात शहराचा ओला कचरा जिरवायचं काम चाललंय, आणि हरित अर्थव्यवस्था वगैरे जे मोठे शब्द ऐकतो त्यातला मला खरोखर कळलेला, हाताने धरून बघितलेला भाग हाच आहे.

आधी ओळख पटवू. साध्या घरमाशीची अळी लहान असते, तांदळाच्या दाण्यासारखी पांढरी, मऊ, गुळगुळीत आणि एका टोकाला निमुळती. ती असेल तर डबा जास्त ओला झालाय आणि उघडा राहतोय, कोरडं घाला, झाकण नीट लावा. पण अळी चपटी असेल, मळकट पांढरी किंवा भुरी, अंगावर आडवे खंड स्पष्ट दिसतायत, लांबी पाऊण इंच ते इंचभर आणि बोटाला चामड्यासारखी टणक लागतेय, तर ती ब्लॅक सोल्जर फ्लायची. काही मराठी लेखांत काळी सैनिक माशी असं वाचलंय पण हे काम करणारे सगळे सरळ बीएसएफ म्हणतात, मी पण तेच लिहिते. शास्त्रीय नाव हर्मेशिया इल्युसेन्स. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्येच तिची नोंद केली होती. मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली, आता जगभर जिथे जिथे बऱ्यापैकी ऊब आहे तिथे पसरलेली. आपल्याकडे तर ती आहेच, कुठून आणावी लागत नाही, ओल्या कचऱ्याचा वास आला की स्वतः येते.

माशी म्हटलं की आपल्याला गटारावरून उठून जेवणावर बसणारी माशी आठवते आणि किळस तिथूनच सुरू होते, ते बरोबरच आहे, घरमाशी रोग पसरवते. पण बीएसएफची मोठी माशी जेवतच नाही. अक्षरशः. तिला चावायला, खरवडायला तोंडाचे भाग नीट नसतातच, पाणी पिते, साखरपाणी मिळालं तर थोडी जास्त जगते, पण खाण्यासाठी म्हणून ती ना आपल्या ताटावर बसते ना घाणीवर. अळी असताना अंगात जी चरबी साठवली तेवढ्यावर आठवडाभर जगते, जोडीदार शोधते, अंडी घालते आणि मरते. चावत नाही, डंख नाही, घरात घोंगावत नाही. दिसायला मात्र काळी, लांबट, गांधीलमाशीसारखी, त्यामुळे लोक घाबरून झाडू घेतात. कधी नीट बघायला मिळाली तर पोटाच्या वरच्या भागात बघा, दोन छोट्या पारदर्शक खिडक्या असतात, आरपार दिसतं.

म्हणजे या जीवाचं सगळं खाणं अळीपणातच उरकायचंय. म्हणून ती इतकी खाते.

मादी एकावेळी साधारण ५०० ते ६०० अंडी घालते, आणि घाणीत नाही घालत, घाणीच्या जवळ पण कोरड्या फटीत घालते, डब्याच्या झाकणाच्या कडेला, पुठ्ठ्याच्या नळ्यांमध्ये, लाकडाच्या चिरेत. चारेक दिवसांत डोळ्याला जेमतेम दिसतील अशा अळ्या निघतात, खाली अन्नात पडतात आणि खायला लागतात. ऊब आणि खाणं दोन्ही चांगलं असेल तर दोन-अडीच आठवड्यांत पूर्ण वाढतात. मग एक दिवस खाणं बंद. अंग काळपट तपकिरी होतं, तोंडाचा चालण्यासाठी आकड्यासारखा उपयोग सुरू होतो आणि अळी डबा सोडून कोरडी अंधारी जागा शोधायला निघते. बाथरूमच्या भिंतीच्या कडेने रांगेत चाललेल्या काळ्या अळ्या बघून लोक किंचाळतात ना, त्या याच, खाणं संपवून कोषात जायला निघालेल्या, त्यांना तुमच्या घरातलं काहीही नकोय. दोन-तीन आठवडे कोष, मग माशी. अंड्यापासून माशीपर्यंत सगळं मिळून साधारण दीड महिना.

अळ्या खातात कशा हे बघण्यासारखं आहे. अमेरिकेत जॉर्जिया टेक नावाच्या संस्थेतल्या लोकांनी यावर २०१९ मध्ये अभ्यास छापला, १०,००० अळ्यांपुढे १६ इंची पिझ्झा ठेवला तर दोन तासांत संपवतात असं त्यांनी सांगितलं. खरी गंमत पुढे आहे. एकेक अळी सलग खात नाही, पाचेक मिनिटं खाते मग थांबते. आता थांबलेली अळी जागा अडवून बसली तर मागच्यांनी काय करायचं? तर भुकेल्या अळ्या खालून घुसतात, वरच्यांना ढकलतात आणि पोट भरलेल्या वरून बाहेर फेकल्या जातात, कारंज्यासारखं. कोणी रांग लावत नाही, कोणी सांगत नाही, पण पंगत उठत राहते आणि पुढची बसत राहते. मी हे माझ्या डब्यात पपईच्या अर्ध्या फोडीवर बघितलंय, सकाळी ठेवलेली फोड संध्याकाळी नुसती साल, तीसुद्धा कागदासारखी पातळ.

आता शहराकडे येऊ. आपल्या घरच्या कचऱ्यात वजनाने सगळ्यात मोठा वाटा ओल्याचा असतो, भाजीचे देठ, फळांच्या साली, उष्टं-खरकटं, चहाचा चोथा. हे सगळं प्लास्टिकबरोबर एकत्र डेपोवर गेलं की ढिगाच्या आत हवा पोचत नाही, हवेशिवाय कुजलं की मिथेन तयार होतो, आणि मिथेन हवेला तापवण्यात १०० वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट जोरदार. मुंबईचा देवनार डेपो १९२७ पासूनचा. जानेवारी २०१६ मध्ये तिथे जी आग लागली तिचा धूर उपग्रहाच्या फोटोंत दिसला होता. पुण्याच्या कचऱ्यासाठी उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी किती वर्षं वास आणि खराब पाणी सोसलं, किती वेळा गाड्या अडवल्या, हे पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. आपण साल टाकतो तेव्हा ती कोणाच्या तरी विहिरीशेजारी जाऊन पडते.

ओल्या कचऱ्याचं करता काय येतं? साधं कंपोस्ट, गांडूळखत, बायोगॅस आणि आता ही अळी. मी कोणालाच वाईट म्हणणार नाही. पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. साध्या कंपोस्टला दीड-दोन महिने आणि भरपूर जागा लागते. गांडुळं नाजूक, त्यांना ताजं गरम होणारं नको, आंबट साली जास्त नकोत, तेलकट-मसालेदार नको, मांस-मच्छी तर नकोच. बायोगॅसला लग्नाच्या हॉलचं, हॉटेलचं शिजलेलं अन्न छान चालतं पण प्लांट नीट चालवणारा जाणकार माणूस रोज लागतो. बीएसएफ शिजलेलं खाते, आंबलेलं खाते, माशांची डोकी खाते, कोंबडीखान्याची घाण खाते, आणि दोन आठवड्यांच्या आत काम संपवते. नाही खात ती म्हणजे नारळाच्या करवंट्या, शेंड्या, हाडं, आंब्याच्या कोयी, उसाची चिपाडं, सुका पालापाचोळा. लाकूड-काडीसारखं कडक तंतुमय तिला पचत नाही, ते कंपोस्टलाच द्यायचं. मंदिरातलं निर्माल्यही एकट्याने दिलं तर ती रमत नाही, फळांच्या सालीत मिसळून द्यावं लागतं.

प्लांटमध्ये हे कसं करतात त्याची सगळ्यात उघड आणि नीट लिहिलेली पद्धत स्वित्झर्लंडच्या इआवाग या संशोधन संस्थेची आहे, त्यांनी इंडोनेशियात सुराबायाला प्रत्यक्ष प्लांट चालवून २०१७ मध्ये पायरी-पायरीने पुस्तिका काढली. ६० बाय ४० सेंटिमीटरचं, १७ सेंटिमीटर उंच क्रेट, म्हणजे आपल्या टोमॅटोच्या कॅरेटपेक्षा जरा बुटकं आणि बिनभोकाचं असं समजा. त्यात ५ दिवसांच्या १०,००० अळ्या. १२ दिवसांत त्यांना तीन हप्त्यांत मिळून १५ किलो बारीक केलेला ओला कचरा द्यायचा. बस. १२ दिवसांनी चाळायचं, अळ्या एकीकडे, उरलेलं भुसभुशीत काळं खत एकीकडे, त्याला फ्रास म्हणतात, अळ्यांची विष्ठा, टाकलेली कात आणि न खाल्लेलं सगळं मिळून. कचऱ्याचं ओलं वजन चांगल्या प्लांटमध्ये ८० टक्क्यांपर्यंत कमी होतं.

त्या आकड्यांवरून मी वहीत एक हिशोब मांडला, तुम्हीही करून बघा कारण यातच खरी मेख कळते. रोज १ टन कचरा घ्यायचा तर रोज ६७ क्रेट नवे भरावे लागतात, आणि प्रत्येक क्रेट १२ दिवस अडकून राहतं म्हणजे कुठल्याही दिवशी शेडमध्ये ८०० क्रेट मांडलेले हवेत. रोज पावणेसात लाख अळ्या वेळेवर तयार हव्यात. म्हणजे एका मादीची ५०० अंडी धरली आणि सगळीच्या सगळी जगली असं मानलं तरी तेराशेच्या वर माद्यांनी त्या दिवसासाठी अंडी घातलेली हवीत, आणि सगळी जगत नाहीत. म्हणून अळ्यांचा प्लांट म्हणजे खरं तर दोन प्लांट असतात, एक कचरा खाण्याचा आणि दुसरा पिल्लं काढण्याचा, आणि जो फसतो तो बहुतेक वेळा दुसऱ्यात फसतो.

पिल्लं काढायची जागा म्हणजे दोन प्रकारचे जाळीचे पिंजरे. कोष अंधाऱ्या पिंजऱ्यात ठेवतात, डार्क केज म्हणतात त्याला, माश्या तिथे बाहेर पडल्या तरी अंधारात शांत बसून राहतात. मग तो पिंजरा उजेडातल्या दुसऱ्या पिंजऱ्याला जोडला की सगळ्या एकदम उजेडाकडे उडतात, एका वयाच्या, एका वेळी, म्हणून अंडीही एका वेळी मिळतात. या दुसऱ्या पिंजऱ्याला सगळीकडे लव्ह केज म्हणतात. तिथे वासासाठी आंबलेल्या कचऱ्याची टोपली आणि तिच्यावर लाकडी पट्ट्यांची जुडी किंवा नळ्यांचा पुठ्ठा ठेवतात, माद्या फटीत अंडी घालतात, जुडी उचलायची, अंडी उबवायची. अडचण ही की या माशीला मिलनासाठी चांगला उजेड लागतो, ऊन सगळ्यात उत्तम. आपल्या जुलै-ऑगस्टात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा अंडी घटतात, मग खास दिवे लावावे लागतात आणि विजेचं बिल येतं. तापमान २४ ते ३० डिग्री तिला आवडतं. थंडीत काम मंदावतं. आणि विदर्भातल्या मे महिन्यात तर उलटं, अळ्यांचा ढीग स्वतःच आतून गरम होतो, बाहेर ४५ डिग्री असेल तर आतल्या अळ्या मरतात किंवा क्रेट सोडून पळतात. पळण्याचं दुसरं कारण पाणी. कचरा फार पातळ झाला, क्रेटच्या भिंती ओल्या झाल्या की त्या ओल्या भिंतीला चिकटून सरळ वर चढतात, सकाळी येऊन बघावं तर शेडभर अळ्या.

मग यातून मिळतं काय? तुमच्या १ टन कचऱ्यातून साधारण सव्वाशे ते दोनशे किलो जिवंत अळ्या. वाळवल्या की एक तृतीयांश उरतात, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस ते साठ-पासष्ट किलो. त्यात ढोबळमानाने ४० टक्के प्रथिनं, ३० टक्क्यांच्या आसपास चरबी (काय खायला दिलं त्यावर बरंच बदलतं), कॅल्शियम भरपूर. चरबीत लॉरिक आम्ल जास्त असतं, तेच जे आपल्या खोबरेल तेलात असतं. कोंबड्यांना आणि माशांना हे खाद्य म्हणून फार आवडतं, माझ्या मामेभावाच्या जुन्नरच्या गावरान कोंबड्या मी अळ्यांचा डबा घेऊन आले की लांबून पळत येतात, हे मी दरवेळी बघते.

याची गरज का पडली ते समजायला पोल्ट्रीवाल्यांशी बोला. कोंबडीच्या खाद्यात प्रथिनांसाठी सोयापेंड असते. २०२१ मध्ये पेंडीचे भाव एवढे चढले की ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या सोयाबीनची पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली, पोल्ट्रीवाल्यांना हायसं वाटलं आणि आपले लातूर-वाशीमकडचे सोयाबीनवाले चिडले, दोघंही आपापल्या जागी बरोबर. माशांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात फिशमील असतं, म्हणजे छोटे मासे पकडून, वाळवून, दळून केलेली पावडर. जगात यात पेरू देशाच्या अँकोव्ही माशाचा दबदबा, आणि २०२३ मध्ये तिकडे एल निनोमुळे, म्हणजे समुद्राचं पाणी तापल्यामुळे, पिल्लांचं प्रमाण फार आढळलं म्हणून मुख्य किनारपट्टीवरचा पहिला हंगामच रद्द केला, भाव वर गेले. समुद्रातून मासा काढून तळ्यात पाळलेल्या माशाला घालायचा हा व्यवहार किती दिवस चालणार, हा प्रश्न आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांनाही पडायला हवा, कारण तारलीसारखी गरिबाच्या ताटातली मासळी इथेही दळली जाते.

युरोपाने २०१७ मध्ये माशांच्या खाद्यात आणि २०२१ मध्ये कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात कीटकांची प्रथिनं वापरायला परवानगी दिली. पण एक अट घातली की या अळ्यांना हॉटेलातलं किंवा घरातलं उष्टं घालायचं नाही. ऐकायला विचित्र वाटतं, मग अळी पाळायचीच कशाला? पण कारण आहे. ब्रिटनमध्ये गाईंना गुरांच्याच मांस-हाडांची भुकटी खाद्यातून घातली आणि त्यातून मॅड काऊ हा मेंदूचा रोग पसरला, माणसंही दगावली. तो चटका बसल्यामुळे तिकडचे नियम कडक आहेत. परिणाम असा की युरोपातले मोठे प्लांट धान्याचा कोंडा, भाजीचा उरलेला माल असं स्वच्छ खाद्य विकत घेऊन अळ्या पाळतात, वर थंडी असल्याने शेड गरम ठेवायचा खर्च. फ्रान्सची यन्सेक्ट, त्यांचा किडा वेगळा, पिठातला, पण तत्त्व तेच, २०११ मध्ये सुरू झालेली कंपनी, प्रचंड भांडवल उभं केलं, अवाढव्य यंत्रांची इमारत बांधली, आणि २०२४ मध्ये कर्ज झेपेना म्हणून कोर्टाचं संरक्षण मागायची वेळ आली.

माझं यावरचं मत स्पष्ट आहे आणि हा लेख लिहायचं खरं कारणही तेच. ही अळी प्रथिनांचा कारखाना म्हणून बघितली की हिशोब बिघडतो. ती आधी कचरा जिरवणारी आहे. तिचं पहिलं उत्पन्न कचरा उचलण्याच्या पैशातून यायला हवं, जे पैसे आज महापालिका ट्रक भरून डेपोवर नेण्यात घालवते, आणि अळी आणि खत ही वरची कमाई. जिथे कचरा विकत घ्यावा लागतो, हवा गरम करावी लागते तिथे ती परवडायला फार झगडावं लागतं. जिथे ऊब फुकट आहे आणि कचऱ्याने लोक हैराण झालेत तिथे तिला अर्थ आहे. म्हणजे आपल्याकडे.

नैरोबीचं उदाहरण मला म्हणूनच जवळचं वाटतं. तिथल्या झोपडपट्ट्यांत ड्रेनेज नाही, तर सॅनर्जी नावाच्या उपक्रमाने लघवी वेगळी काढणारी संडासं बसवली, मैला डब्यांतून गोळा करून शहराबाहेर नेला आणि बाजारातल्या, स्वयंपाकघरातल्या कचऱ्याबरोबर बीएसएफला घातला, त्यातून कोंबड्यांसाठी खाद्य आणि शेतासाठी खत. ज्या देशात पेंड आणि रासायनिक खत दोन्ही आयात होतं तिथे याचं मोल किती ते शेतकऱ्यालाच कळेल. आपल्याकडे केरळात कोचीला २ मार्च २०२३ रोजी ब्रह्मपुरमच्या कचरा डेपोला आग लागली, बारा दिवस शहर धुरात, शाळा बंद. त्यानंतर तिथल्या महापालिकेने ओल्या कचऱ्यासाठी याच अळ्यांचे प्लांट उभे करायला घेतले.

पण हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे आणि ती गोष्ट अळीच्या हातात नाही. ओला-सुका वेगळा. कचऱ्यात कॅरीबॅग आली की ती श्रेडरमधून, म्हणजे कचरा बारीक करायच्या यंत्रातून, बारीक होऊन खतात जाते, अळी तिला हात लावत नाही, मग ते खत शेतात टाकून आपण शेतात प्लास्टिक पेरतो. कॅडमियमसारखा जड धातू तर अळीच्या अंगात साठतो, म्हणजे बॅटरी-रंग-कचरा मिसळला की तो फिरून कोंबडीत आणि आपल्यात. स्वीडनमध्ये मैल्यावर केलेल्या प्रयोगांत साल्मोनेला हा जंतू अळ्यांमुळे झपाट्याने कमी झालेला दिसला पण जंताची अंडी तशीच राहिली, म्हणून मैल्यापासून केलेलं खत वेगळं तापवावंच लागतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनीच वर्गीकरण सक्तीचं केलं होतं, कागदावर. प्रत्यक्षात पुण्यात ते जेवढं होतं त्यात मोठा वाटा दारोदार येणाऱ्या कचरावेचक बायकांचा आहे, स्वच्छ नावाची त्यांची स्वतःची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते. कोणी नवा चकचकीत अळीप्लांट आणेल आणि या बायकांना हिशोबात धरणार नाही तर तो प्लांट वर्षभरात प्लास्टिकने तुंबेल, असं मला मनापासून वाटतं. अळीला स्वच्छ जेवण वाढणाऱ्या त्याच आहेत.

अजून एक गोष्ट, जरा कळकळीने. आता बीएसएफ पालनाच्या जाहिराती दिसायला लागल्यात, एवढे लाख भरा, किट घ्या, अळ्या आम्ही विकत घेऊ. आपल्याकडे आधी इमू झाले, मग कडकनाथ झाला, शेतकऱ्यांनी कर्ज काढून पक्षी पाळले आणि बायबॅकवाले गायब. अळी खोटी नाही, पण कोणी बायबॅकच्या भरवशावर पैसे मागत असेल तर आधी विचारा की रोजचा कचरा कुठून येणार, त्याचा लेखी करार कोणाशी, आणि तयार अळी आज, या महिन्यात, कोण कोणत्या भावाने घेतंय. उत्तर नसेल तर घरी परत या. कोंबड्या आधीच असतील, जवळ भाजी मंडई असेल, तर चार क्रेटपासून स्वतः सुरू करा, तुमचीच कोंबडी तुमचं गिऱ्हाईक.

आईने मला पहिल्याच वर्षी विचारलं होतं, म्हणाली, अगं पण मारायच्या ना त्या शेवटी? पाप नाही का? प्रश्न खरा आहे, मी टाळत नाही. मोठ्या प्लांटमध्ये अळ्या उकळत्या पाण्यात टाकतात, क्षणात मरतात. आपण रेशीम वापरतो, जालना-बीडकडे तुतीवर रेशीमकिडे पाळून कितीतरी घरं चालतात आणि तिथेही कोष गरम केल्यावरच धागा निघतो. गोंदियाकडे लाख घेतात, मधमाश्या आपण पाळतोच. म्हणजे किडा पाळून जगणं आपल्याला नवं नाही. तरी ज्याला नको त्याने अजिबात मारू नये, घरच्या डब्यात मारायची गरजच नसते. माझ्या डब्यातल्या अर्ध्या अळ्या मामेभावाकडे जातात, उरलेल्या माश्या होऊन उडून जातात किंवा गच्चीतल्या साळुंक्या टिपतात. आईला हे पटलंय, पूर्ण नाही, पण आता फळांच्या साली तीच डब्यात टाकते.

तर घरी काय करायचं. डबा झाकणाचा हवा, बाजूला हवेची भोकं, तळाला पाणी निथळायला जागा. ओलं टाकलं की वर मूठ-दोन मूठ कोकोपीट (नारळाच्या शेंडीचा भुसा), लाकडाचा भुसा किंवा सुका पाला. मूठ दाबली तर ओलावा जाणवावा पण पाणी ठिबकू नये. डाळ-आमटीचं पाणी, ताट विसळलेलं पाणी घालायचं नाही, भिंतीवर चढाई त्यानेच सुरू होते. अळ्या दाट झाल्या की घरमाश्या आपोआप कमी होतात, हे नुसतं माझं निरीक्षण नाही, जॉर्जिया विद्यापीठातल्या लोकांनी १९८० च्या दशकातच दाखवलं होतं की या अळ्या दाट असतील तिथे घरमाश्या अंडी घालायला फारशा येत नाहीत. काळ्या झालेल्या अळ्या घरात येऊ नयेत म्हणून डब्यातून बाहेर एक तिरकी फळी लावा आणि फळीच्या टोकाखाली कोरड्या मातीचं कुंड ठेवा, त्या स्वतः चढून त्यात जाऊन पडतात, तुम्हाला हात लावायलाही नको.

आणि खालचं खत लगेच कुंडीत घालू नका. इथे माझं एकदा नुकसान झालंय, घाईने टोमॅटोच्या रोपांना ताजं फ्रास घातलं, चार दिवसांत पानं पिवळी. ताज्या फ्रासमध्ये अमोनिया आणि न कुजलेला भाग असतो, तो कोवळ्या मुळांना भाजतो. चाळून, थोड्या मातीत मिसळून, सावलीत तीन-चार आठवडे झाकून ठेवा, वास मातीसारखा झाला की वापरा.

यंदाचे फोटो यायला लागलेत. पाठवताना अळीशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो, आणि फोटो उजेडात पटकन काढा, त्यांना उजेड सहन होत नाही, लगेच खाली घुसतात.